हौमेआची रिकामी पट्टी

सोनपठारावर माघातली सकाळ घाईने येत नसे. पूर्वेच्या दरीत साचलेले धुके आधी आतून उजळू लागे. बंद खोलीत कुणी दिवा लावावा आणि दाराखालच्या फटीतून त्याचा पिवळसर काठ बाहेर यावा, तसे. मग त्या उजेडाला दिशा फुटे. तो वाळलेल्या गवताच्या शेंड्यांवर चढे, कुंपणाच्या तारेवर ओळीने लटकलेले दवाचे थेंब एकेक चाचपत पुढे सरके, उपाहारगृहाच्या पत्र्यावर येऊन थोडा वेळ रेंगाळे. पत्रा तापण्याआधीचा एक बारीक आवाज करी. त्यानंतर पाण्याच्या टाकीची पश्चिमेकडची सावली निळी होऊन लांब पसरे. सर्वांत शेवटी, उजेडाला जणू तिथे जाण्याचा संकोच वाटावा अशा रीतीने, तो सत्तर मीटर व्यासाच्या त्या पांढऱ्या अँटेनाच्या काठाला स्पर्श करी. काठ तांबूस होई, मग केशरी, मग नुसताच पांढरा. आणि त्या प्रचंड वाटीच्या आतल्या उतारावरून प्रकाशाची एक कड इतक्या सावकाश खाली घसरे की ती हलते आहे हे डोळ्याला कळत नसे, फक्त थोड्या वेळाने ती आधीच्या जागी नाही एवढेच कळे.

यशोधन गावंडे विश्रामगृहाच्या पायरीवर बसून हे पाहत होता. हातातला चहा निवत होता. उजेडाकडे पाहताना त्याचे वय मोजण्याची त्याला सवय होती. हा उजेड सूर्यावरून निघाला तेव्हा तो खोलीत चप्पल शोधत होता, आठ मिनिटांपूर्वी. याच उजेडाचा एक धागा अँटेनाला चुकवून, पृथ्वीला चुकवून पुढे जाईल, तेव्हा गुरूला ओलांडेपर्यंत न्याहारी संपलेली असेल, आणि नेपच्यूनच्या कक्षेपर्यंत पोहोचताना दुपार होऊ लागलेली असेल. तिथून आणखी पुढे, जिथे सूर्य म्हणजे केवळ एक फार तेजस्वी तारा उरतो, तिथे हौमेआ नावाचा एक बटुग्रह होता. तिथवर उजेडाला सहा तास पन्नास मिनिटे लागत.

त्या हौमेआकडे चौदा वर्षे चालत गेलेले ‘पथिक’ नावाचे यान आता चार दिवसांच्या अंतरावर होते.

“गावंडे! ध्यान झालं असेल तर उठा.” इक्बाल तांबोळी पायवाटेवरून जवळजवळ धावतच आला. यानाचा मार्ग आखणे आणि सांभाळणे हे त्याचे काम. तो जाडजूड होता, धावणे त्याला शोभत नसे आणि ते त्याला ठाऊक होते. “मॅडमनी बोलावलंय. लगेच.”

“काय झालं?”

“धूळ.” तांबोळीने त्याच्या हातातला चहा घेऊन एका घोटात संपवला. “शी! हा चहा तुम्ही काल केलाय का?”

*

नियंत्रण कक्षात खिडक्या नव्हत्या. डॉ. उर्मिला खासनीस मोठ्या पडद्यासमोर उभ्या होत्या; त्या या मोहिमेच्या प्रमुख. यान निघाले तेव्हा त्यांचे केस काळे होते, असे तांबोळी म्हणे, आणि हे विधान मोहिमेच्या प्रगतीचा एकमेव विश्वासार्ह आलेख आहे असेही म्हणे.

“बसू नका,” त्या म्हणाल्या. “हे बघा.”

पथिकच्या पुढच्या अंगावर एक पातळ पडदा ताणून बसवलेला होता. त्यावर धुळीचा कण आदळला की एक टिचकी नोंदली जाई. एवढ्या दूरच्या पोकळीत दिवसाकाठी चार किंवा पाच टिचक्या अपेक्षित असत. पहाटे आलेल्या नोंदीत एका तासात एकोणीस होत्या.

“हौमेआजवळ धूळ असणारच,” यशोधन म्हणाला. “तिचं कडं आहे.”

“त्या कड्याची धूळ किती दूरवर यावी हे आपण मोजलंय, यशोधन. ही त्याच्या पंधरा पट आहे. म्हणजे धुळीचा आणखी एक उगम आहे. तो कुठे आहे?”

प्रश्न साधा होता आणि त्याचे उत्तर त्या सर्वांच्या मानेवर बसलेले होते.

हौमेआ इतर बटुग्रहांसारखी गोल नाही. तिचा दिवस चार तासांहूनही लहान. ती स्वतःभोवती इतक्या वेगाने फिरते की त्या फिरण्याने ताणली जाऊन ती लांबट झालेली आहे. वर बर्फाचे कवच, आत बहुधा दगड. फार पूर्वी कशाशी तरी टक्कर होऊन तिचे तुकडे उडाले असावेत, असा समज आहे. तिच्या पोटात खरोखर काय आहे हे समजायचे तर तिच्या अगदी जवळून जायला हवे, म्हणजे तिची ओढ यानाला किती खेचते ते मोजता येते. तिच्या केंद्रापासून तेवीसशे किलोमीटरवर एक कडे आहे आणि फार दूर दोन छोटे उपग्रह. कड्याच्या बाहेर, तीन हजार किलोमीटरच्या आसपास, एक पट्टा मोकळा होता. त्यातूनच पथिकची वाट आखलेली होती. मोहिमेच्या कागदपत्रांत त्याला ‘रिकामी पट्टी’ म्हणत.

ती पट्टी रिकामी आहे हे सिद्ध करणारा निबंध यशोधन गावंडे याचा होता. त्या निबंधामुळेच तो इथे होता.

“पर्याय दोन,” खासनीस मॅडम म्हणाल्या. “ठरल्या वाटेने जायचं. किंवा दूरच्या वाटेने, एकोणीस हजार किलोमीटरवरून. तांबोळी?”

“दूरची वाट सुरक्षित आहे,” तांबोळी म्हणाला. “पण तिथून हौमेआची ओढ आपल्या यंत्राला जाणवणार नाही. छायाचित्रं येतील, लांबून लग्न बघितल्यासारखी. नवरी कोण ते कळेल, चेहरा नाही. आणि इंधन एकाच वळणापुरतं आहे, पुन्हा परत येता येणार नाही.”

“वेळ?”

“आज्ञा इथून दुपारी एक वाजून वीस मिनिटांच्या आत निघायला हवी. ती पोहोचायला सहा तास पन्नास मिनिटं. त्यानंतर वळायचं म्हटलं तर इंधन कमी पडेल.”

भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजून दहा मिनिटे झाली होती.

“आणि पट्टीत काही असेलच तर?” मॅडमनी विचारले, उत्तर त्यांना माहीत होते, पण ते कुणीतरी मोठ्याने म्हणावे असे त्यांना वाटत असावे.

“सेकंदाला चौदा किलोमीटर वेग आहे, मॅडम. तांदळाची एक कणी पुरे.”

मॅडम यशोधनकडे वळल्या. “तुझ्या निबंधाला एक जोडपत्र आहे. बाद केलेल्या नोंदींचं. त्यात एकच नोंद आहे. पिंपळखुटा.”

“हो,” तो म्हणाला.

*

सात वर्षांपूर्वी माघातल्याच एका पहाटे हौमेआ एका ताऱ्यासमोरून सरकली होती. दूरचा पिंड ताऱ्याच्या आड येतो आणि तारा काही क्षण विझतो, याला पिधान म्हणतात. हौमेआची सावली त्या पहाटे महाराष्ट्रावरून धावत गेली, सेकंदाला वीस किलोमीटर वेगाने. तारा किती वेळ विझला यावरून हौमेआचा आकार कळतो. आधी किंवा नंतर तो क्षणभर मंद झाला, तर तिच्याभोवती कडे आहे असे कळते. तारा एवढा तेजस्वी की शाळेतल्या दुर्बिणीतूनही दिसावा, असा योग दुर्मीळ होता. सावलीच्या पट्ट्यात आडवे आठ ठिकाणी निरीक्षक बसवले गेले. प्रत्येक ठिकाणी कॅमेरा, आणि शिवाय जोडी.

जोडीचा नियम जुना होता. दोन माणसे, दोन दुर्बिणी, एकमेकांचा आवाज ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर. प्रत्येकाजवळ ध्वनिमुद्रक आणि दर सेकंदाला टिकटिकणारे घड्याळ. तारा विझला की म्हणायचे “गेला”, परतला की “आला”. थोडा मंदावला तर “मंद”. आणि डोळा भिंगावरून काढावा लागलाच, शिंक येवो की पाय आखडो, तर न लाजता म्हणायचे “हटलो”. तोंडून शब्द निघायला प्रत्येकाला जो उशीर होतो तोही आधी मोजलेला असे. यशोधनचा सेकंदाचा बावीस शतांश, त्याच्या जोडीला असलेल्या तायडे सरांचा एकतीस. एकाने पाहिले आणि दुसऱ्याला दिसले नाही, तर ती नोंद बाद. ताऱ्याचे लुकलुकणे, पापणीचे फडफडणे, मनाची इच्छा या तिन्हींपासून सुटण्याचा तोच मार्ग होता.

त्या आठांपैकी पिंपळखुट्याच्या टेकडीवर सामानाची एक खोली होती, पण बाहेरच्या कॅमेऱ्याची बॅटरी थंडीने बसली. दोन्ही बाजूंच्या शेजारच्या जोड्यांवर नदीकाठचे धुके होते. त्या टेकडीवर उरले फक्त दोन डोळे: एक दामोदर तायडे सरांचा, ज्यांनी पिंपळखुट्याच्या शाळेत पस्तीस वर्षे विज्ञान शिकवले, आणि एक त्यांच्या विद्यार्थ्याचा, यशोधनचा.

तारा गेला. तारा आला. सव्वा मिनिटाने ज्ञात कड्यामागे मंद झाला, पुन्हा पूर्ववत झाला. इथवर दोघांच्या नोंदी जुळत होत्या. त्यानंतर चाळीस सेकंदांनी सरांच्या मुद्रणात आणखी एक “मंद” होता, आणि त्याला चिकटूनच “गेला, आला, अरे!” असे काहीतरी. अर्ध्या सेकंदाचा खेळ. यशोधनच्या नोंदपत्रावर त्या वेळेसमोर एकच शब्द होता: स्थिर.

*

“कडं पूर्ण वर्तुळाकारच असायला हवं असं नाही,” मॅडम म्हणत होत्या. “नेपच्यूनभोवती तुटके कंस आहेत. उपग्रहांच्या ओढीने धूळ एका भागात साचते, बाकी कडं जवळजवळ रिकामं. पिंपळखुट्यावरून तसा एखादा कंस ओलांडला गेला असेल, आणि बाकीच्या पाच ठिकाणांहून नसेल. शक्य आहे?”

“शक्य आहे,” यशोधन म्हणाला.

“मग सगळं तुझ्या एका शब्दावर येऊन थांबतं. तुला तारा स्थिर दिसला होता?”

त्याला तो तारा आठवत होता. किंचित निळसर, भिंगाच्या मधोमध, काळोखात रोवलेल्या टाचणीच्या टोकासारखा निश्चल. सात वर्षांत त्याने तो इतक्या वेळा आठवला होता, व्याख्यानांत, मुलाखतीत, झोप न येणाऱ्या अंथरुणात, की त्या आठवणीला वापराची एक गुळगुळीत झिलई आली होती. कोणत्या सेकंदाचा तो तारा होता, हे मात्र तो स्वतःला कधी विचारत नसे.

“हो,” तो म्हणाला. “स्थिर.”

मॅडमनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली, आणि यशोधनने नजर पडद्याकडे वळवली.

“तरी मुद्रण पुन्हा ऐक,” त्या म्हणाल्या. “तुझं स्वतःचं. बारापर्यंत मला सांग.”

*

अभिलेखाच्या खोलीत तो एकटा होता. कानांवर यंत्र चढवले आणि सात वर्षांपूर्वीची टिकटिक सुरू झाली. टिक. टिक. पंचविशीतल्या स्वतःचा श्वास ऐकणे हे परक्याच्या खिशात हात घालण्यासारखे होते. दूरवर कुठे तरी टिटवी ओरडली.

“गेला,” तो तरुण मुलगा म्हणाला. आवाजात कंप होता.

टिक. टिक. टिक.

“आला.” आणि पुटपुटत, नियमाबाहेरचे, “आईशप्पथ.”

मग बराच वेळ फक्त टिकटिक. “मंद.” टिक. टिक. टिक. “पूर्ववत.”

यशोधनने मुद्रण थांबवले.

पुढे चाळीस सेकंद होते. त्यांत काय ऐकू येईल हे त्याला ठाऊक नव्हते. सात वर्षांत त्याने इथून पुढे कधी ऐकलेच नव्हते. निबंध लिहिताना नोंदपत्र पुरेसे होते. नोंदपत्र त्यानेच भरलेले होते, सकाळी सात वाजता, सरांच्या ओसरीवर, काकूंनी दिलेला गरम उपमा खात. रकाने भराभर भरले. शेवटच्या रकान्यात स्थिर, स्थिर, स्थिर. मग सर हसत आले होते, मफलर अजून कानांवर, आणि म्हणाले होते, “यशा, ते शेवटचं पाह्यलं न? काय झपकन गेलं बाप्पा!” शाई ओली होती. “नाही सर,” तो म्हणाला होता, “स्थिर होता.” सरांचे हसू लगेच गेले नव्हते, ते ओठांवरच थोडा वेळ राहिले, पाहुणा निघून गेल्यावर वाजत राहिलेल्या रेडिओसारखे.

खरे तर त्या क्षणी त्याला खोडता आले असते. पण खोडलेले नोंदपत्र म्हणजे बाद जोडी. बाद जोडी म्हणजे पिंपळखुट्याची पूर्ण पहाट वाया. असे त्याने नंतर स्वतःला समजावले. तेव्हा त्याने काहीच समजावले नव्हते. एक शब्द लिहिला गेला होता आणि त्याला तो फिरवायची लाज वाटली, इतकेच.

दार उघडून तांबोळीने डोके आत घातले. “काय म्हणतो आहे भूतकाळ?”

“टिकटिक करतोय.”

“सापडलं काही?”

“नाही,” यशोधन म्हणाला, आणि ते अक्षरशः खरे होते.

तांबोळी आत येऊन टेबलाच्या कडेवर टेकला. नेहमीची थट्टा त्याच्या तोंडावर आली नाही. “मी दोन्ही आज्ञा तयार ठेवल्यात. एक बटण इकडे, एक तिकडे. चौदा वर्षं मी या यानाला वळणं देतोय, गावंडे. माझ्या पोरीला वाटायचं पथिक नावाचा मला आणखी एक मुलगा आहे.” तो थांबला. “तुम्ही म्हणताय ना स्थिर, मग मी निवांत आहे.”

तो गेला. यशोधन काळ्या पडद्यावर थांबलेली रेघ पाहत राहिला. साडेअकरा झाले. कर्सर ‘पूर्ववत’नंतर थांबला होता. त्याने बोट पुढे नेले, मागे घेतले, आणि यंत्र बंद केले. बारा वाजता त्याने मॅडमना ‘नवं काही नाही’ एवढेच कळवले.

*

बारा वाजून पंचावन्न मिनिटांनी खासनीस मॅडमनी पिंपळखुट्याला फोन लावला. आवाज सगळ्या कक्षाला ऐकू येईल असा ठेवला.

“नमस्कार, तायडे सर. मी उर्मिला खासनीस, सोनपठाराहून.”

“अरे बाप्पा!” पलीकडे भांड्यांचा आवाज, मग खुर्ची ओढल्याचा. “मॅडम तुम्ही! नमस्कार, नमस्कार. ऐकलं का वं, पथिकवाल्या मॅडम आहेत. नाही, टीव्हीवर नाही, फोनवर! बोला मॅडम. पोहोचलं का आपलं यान?”

“पोहोचतंय. सर, सात वर्षांपूर्वीच्या पिधानाबद्दल विचारायचं होतं. तुमच्या शेवटच्या नोंदीबद्दल.”

पलीकडची खुर्ची करकरली. मग म्हातारा आवाज बदलला. फळ्यासमोर उभा राहिल्यासारखा नीट झाला.

“ती नोंद बाद झाली होती, मॅडम. योग्यच झालं.”

“तुम्हाला काय दिसलं होतं, ते सांगाल?”

“मला वाटलं होतं तारा क्षणभर गेला. वाटलं होतं.” त्यांनी शब्दावर जोर दिला. “पण यशोधन जोडीला होता. त्यानं स्थिर पाह्यला. त्याचा डोळा माझ्यापेक्षा तरणा, आणि पोरगा फार काटेकोर. आठवीत असतानाही दवबिंदू मोजायचा, विचारा त्याले.”

यशोधन पडद्याच्या मागच्या बाजूला उभा होता. कुणी त्याच्याकडे पाहिले नाही.

“त्यानंतर तुम्ही निरीक्षण केलं?”

“नाही मॅडम. दुर्बीण शाळेला देऊन टाकली. अकोल्याले डोळे दाखवून आलो. डॉक्टर म्हणे, गुरुजी, डोळे ठणठणीत आहेत. मी म्हटलं, तुम्हाले काय माहीत? माया जोडीदारानं स्थिर पाह्यला, मले हललेला दिसला. म्हणजे दोष कोणाचा?” ते हसले. “जो डोळा नसलेलं पाहते, त्यानं दुर्बिणीजवळ जाऊ नये. पोट्ट्यांना मीच शिकवलं आहे ते.”

“सर, आज तुमची नोंद खरी असेल तर आम्हाला वाट बदलावी लागेल.”

पंचेचाळीस, सेहेचाळीस, असे भिंतीवरच्या घड्याळातले सेकंद सरकत होते.

“मग माझ्यामुळे बदलू नका,” तायडे सर म्हणाले. “यशोधननं स्थिर म्हटलं तर स्थिरच. माझी नोंद बाद आहे, मॅडम. मी माझ्या तोंडानं बाद करतो.”

“धन्यवाद, सर.” मॅडमनी फोन ठेवला. काही वेळ त्या दोन्ही हात टेबलावर टेकून उभ्या राहिल्या. “धुळीचं स्पष्टीकरण नंतर शोधू. दुसरा पुरावा नाही. ठरल्या वाटेने जाऊ. तांबोळी, दूरच्या वाटेची आज्ञा रद्द करा.”

तांबोळीचा हात कळफलकाकडे गेला.

यशोधनला वाटले, आपण बोललो आहोत. मग लक्षात आले की बोललेलो नाही. नुसता श्वास घेतला आहे. शब्द तोंडून निघायला त्याला सेकंदाचा बावीस शतांश लागायचा, पण आज सात वर्षे लागली होती, आणि अजूनही तो निघत नव्हता.

“थांबा,” तो म्हणाला.

तांबोळीचा हात हवेत राहिला.

“सरांची नोंद ग्राह्य धरा. माझी बाद करा.”

“कारण?” मॅडमचा आवाज शांत होता, फार शांत.

“त्या चाळीस सेकंदांबद्दल मी खात्रीने काही सांगू शकत नाही.”

“सकाळी सांगितलंस.”

“हो.”

“यशोधन, मला कारण हवं. माझी बत्तीस माणसं चौदा वर्षं याच्यावर जगली आहेत. मला हौमेआच्या पोटात काय आहे ते मरण्याआधी बघायचं आहे. तू मला ते सोडून द्यायला सांगतो आहेस. कारण सांग.”

सगळा कक्ष त्याच्याकडे पाहत होता. त्याच्या कानांत घड्याळाची टिकटिक होती, जी या खोलीत नव्हती.

“भिंगाची काच,” तो म्हणाला. “माझ्या श्वासाने धूसर झाली होती. नीट दिसत नव्हतं. मी नोंदपत्रात ते लिहिलं नाही.”

मॅडमनी त्याच्याकडे पाहिले. आधी रागाने, मग दमलेल्या माणसासारखे, आणि शेवटी जणू तो कुणीतरी दूरचा आहे अशा नजरेने. मग त्या घड्याळाकडे वळल्या. एक वाजून चार मिनिटे.

“दूरची वाट,” त्या म्हणाल्या. “पाठवा.”

“मॅडम…”

“तांबोळी, पाठवा.”

एक वाजून नऊ मिनिटांनी आज्ञा निघाली. बाहेर त्या प्रचंड पांढऱ्या वाटीतून काही दिसले नाही, काही ऐकू आले नाही. ती आज्ञा आता चंद्रापलीकडे होती आणि तिला कुणी परत बोलावू शकत नव्हते. तांबोळीने कळफलकावरून हात काढून मांडीवर ठेवले आणि ते तसेच राहू दिले. खासनीस मॅडम बाहेर गेल्या. जाताना त्यांनी दार हळू ओढून घेतले. ते आपटले असते तर बरे झाले असते, असे यशोधनला वाटले.

*

फोन सरांनीच केला. मॅडमनी त्यांना कळवले असावे. यशोधन तेव्हा अँटेनाच्या पायथ्याशी, लोखंडी खांबाला पाठ टेकून उभा होता.

“यशा,” सर म्हणाले.

“सर.”

“सहा वर्षं झाली, घरी नाही आला तू. काकू म्हणते, मोठा झाला पोरगा, विसरला.”

“विसरलो नाही, सर.”

“मॅडमनी सांगितलं. माझी नोंद घेतली म्हणे. यान वळवलं.” त्यांचा श्वास जोरात येत होता, ते अंगणात उतरले असावेत. “म्हणजे लेका, तो मंद झाला होता? खरंच गेला होता तो तारा? माया डोळ्यानं खरं पाह्यलं?”

“शक्यता आहे, सर. आता कंस आहे की नाही ते लांबून कळेल कदाचित.”

“ते कळू दे नाही तर नको कळू दे. मले एवढंच सांग, तू स्थिर पाह्यला होता की नाही?”

“काच धूसर झाली होती, सर. श्वासाने.”

यशोधनला सरांचा तो चेहरा दिसला, मुलाने गणिताचे उत्तर बरोबर आणि रीत चुकीची लिहिलेली असली की होणारा: रागावलेला नव्हे, नुसता थांबलेला.

“काच धूसर?” ते हळूच म्हणाले. “त्या दिवशी टेकडीवर दव नव्हतं, यशा. हवा कोरडी ठणठणीत. धुकं सगळं खाली नदीवर. मी वहीत लिहून ठेवलं आहे. माया मफलर सकाळपर्यंत कोरडा होता. आणि काच पुसायची असती तर तू ‘हटलो’ म्हणाला असता. तू कधीच विसरत नव्हता ते.”

“सर…”

“मी रागावत नाही रे. सत्तर झाले मले, आता काय रागावू? पण सात वर्षं मी वर पाह्यलं नाही. संध्याकाळी काकू म्हणते, चला अंगणात, शुक्र निघाला. मी म्हणतो, तू पाय, मले सांग कसा आहे. म्हणून विचारतो. काय झालं होतं, बेटा?”

वर वाटीच्या काठावरून एक घार सरकत गेली. खांब उन्हाने तापला होता. यशोधनने डोळे मिटले आणि सात वर्षांत पहिल्यांदाच ते मुद्रण, जिथे थांबवले होते तिथून, मनात पुढे जाऊ दिले. पूर्ववत. टिक. टिक. मग तिपाई खरडल्याची करकर. गवतातून जाणाऱ्या पावलांचा आवाज. ज्ञात कडे दिसून गेले होते. आता आणखी काही उरलेले नाही, असे त्याला वाटले होते. त्यामागे काही मोठे नव्हते. ना स्वार्थ, ना कपट, ना दुःख.

“थंडी वाजत होती, सर,” तो म्हणाला. “मी उठून खोलीत गेलो होतो.”